तो घोडा माझा नव्हता, मधू

हावड्याच्या एका ओतकामवाल्याला घोडा चोरल्याबद्दल मी नोटीस पाठवली, आणि तो घोडा मुळात मीच चोरलेला होता.

मधू, हे एवढं एक वाक्य तुला सांगायला मला दहा वर्षं मिळाली होती. दहा वर्षांत रविवार किती येतात ते तूच मोज, मास्तर तू होतास. त्यातल्या प्रत्येक रविवारी मी बागबाजारच्या तुझ्या जिन्यावर पहिल्या पायरीला ठरवायचो की आज सांगायचं, आणि शेवटच्या पायरीवर वहिनींच्या फोडणीचा वास आला की म्हणायचो, जेवण झाल्यावर. तू गेलास त्याला आज सोमवारी पंधरा दिवस झाले. आता सांगतो, म्हणजे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. तुझ्याशी वाद घालून एकदा तरी शेवटपर्यंत बोलायला मिळावं ही माझी फार दिवसांची इच्छा होती. ती अशी पुरी करायला नको होतीस.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी तुझ्यासाठी दोन पानं राखली आहेत. तेव्हा तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगावं लागेल. नाहीतर लोकांना वाटायचं की आपण दोघं खरोखरीचे घोडे पळवत होतो.

घोडा अंगठ्याएवढा होता. शिशाचा. तुझ्या माडीवरच्या मोठ्या टेबलावर बंगालचा नकाशा रंगवलेला, त्यावर निळ्या साडीच्या काठाची हुगळी, मातीच्या टेकड्या, आणि एका टोकाला कलकत्त्याचा तो खंदक, जो सहाशे मैलांवरून येणाऱ्या आपल्या लोकांच्या धास्तीने इथल्यांनी खणला होता. नकाशावर एका बाजूला नवाबाची फौज, दुसऱ्या बाजूला बर्गी, म्हणजे बंगालवर चालून आलेले मराठे स्वार, म्हणजे आपण. शिंप्याच्या टेपने इंच मोजून सैनिक सरकवायचे, फासे टाकून कोण पडला ते ठरवायचं. पन्नाशीला टेकलेला चित्रकलेचा मास्तर हे करतो आहे हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. पाऊण तासाने मी टेबलावर ओणवा होऊन ओरडत होतो की माझी तुकडी साडेसहा इंच गेली आहे, सहा नाही.

ज्या खंदकाने मराठ्यांना थोपवायचं, तो बुजून त्यावर रस्ता झाला आणि त्याच्या आतल्या बाजूला तुझ्या आजोबांनी बिऱ्हाड केलं. तू म्हणायचास, "आजोबांनी जे केलं ते अख्ख्या फौजेला जमलं नाही. ते भाडेकरू म्हणून आले."

मी अडुसष्ट साली नागपूरहून बदलून आलो. नोकरी कसली, तर डिझाइनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कचेरीत. दोन बाटल्या, दोन कंदील, दोन पंख्यांची पाती समोर ठेवायची आणि कुणी कुणाची नक्कल केली ते सांगायचं. बाटलीच्या मानेत दोराएवढा फरक असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. तुलाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तू फक्त "हो का?" म्हणालास. त्या "हो का"मध्ये काय होतं ते मला आत्ता कळतंय.

तुझी अडचण घोड्याची होती. शाळेशेजारच्या छापखान्यातले झिजलेले खिळे तू आणायचास, लोखंडी पळीत वितळवायचास आणि प्लास्टरच्या साच्यात ओतून सैनिक काढायचास. बंगालीतली सगळी मुळाक्षरं आटवून तू त्यांचे मराठे केलेस. पायदळ झकास होतं. मिशीला पीळ, पगडीला पेच, सगळं मेणात कोरलेलं. पण घोडदळ पुठ्ठ्याचं. "माणूस जमतो रे," तू म्हणालास. "घोडा कोरायला गेलो की गाढव होतं."

आणि मी, मधू, त्या क्षणी मी म्हणालो, "माझ्यावर सोपव. बर्गी ज्या गावाहून निघाले त्या गावचा मी. घोडा आमच्या रक्तात आहे."

रक्तात असेल, हातात नव्हता. तीन आठवडे मी अंगाच्या साबणावर घोडा कोरत होतो. पहिला पाहून आमच्या हिने विचारलं, "म्हैस का?" दुसऱ्याचं डोकं आंघोळीत विरघळलं. चौथ्या आठवड्यात चौरंगीपलीकडच्या एका लिलावघरात गेलो होतो, खुर्ची बघायला, आणि काचेच्या पेटीत तो दिसला. विलायती शिशाचा घोडेस्वार. लाल डगला, हातात उगारलेली तलवार, आणि घोडा असा की आत्ता फुरफुरेल. मी घेतला. घरी आणून दार लावलं, करवतीने त्या साहेबाला कमरेतून कापला, मांड्या-पाय कानशीने घासून काढले, खोगिराच्या कापडावर बारीकसा मुकुट होता तो खिळ्याने खरवडला. मग घोड्याचा साचा घेतला, साच्यात मेण ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मेणाचा घोडा रुमालात गुंडाळून तुझ्याकडे आलो. म्हणालो, "कोरला."

कापलेल्या साहेबाचं काय करायचं हा प्रश्न होता. घरात ठेवला तर ही विचारणार. मी तो खिशातून आणला आणि तू खाली गेलास तेवढ्यात तुझ्याच मोडक्या खिळ्यांच्या डब्यात टाकला. विचार केला, उद्या पळीत जाईल, वितळेल, मराठा होईल. पुरावाही नाही आणि साहेबाला मोक्षही. इतका हुशार होतो मी.

तू घोडा हातात घेऊन खूप वेळ फिरवलास. खरवडलेल्या जागी बोट ठेवलंस. "हे काय?"

"घाव."

"कुठल्या लढाईतला?"

"व्हायची आहे अजून."

तू मोठ्याने हसलास आणि हाक मारलीस, "कुमुद, वर ये. बघ, भाऊजींनी घोडा कोरलाय!" वहिनी आल्या. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घोड्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चहा टाकते."

मला वाटलं, कौतुकाने शब्द फुटेना.

त्यानंतरचं वर्ष आपलं सोन्यासारखं गेलं, हे मला लिहून ठेवायचंय. स्वार तुझा, घोडा "माझा". रविवारी सकाळी गच्चीत कोळशाची शेगडी, तू पळी धरलेली, मी साचे बांधतोय, खाली गल्लीत कुणी तरी आपल्या दोघांच्या नावाने शंख करतंय की वाळत घातलेल्या धोतराला धुराचा वास येतो. दीडशे घोडेस्वार झाले. टेबलावर ते निघाले की माझ्या अंगावर काटा यायचा. आणि सुमारे त्याच वेळी खंदकामागच्या किल्ल्याच्या बुरुजात तू एक नवीन बाहुला बसवलास. कंपनीचा साहेब. तपकिरी डगला, तिरकी टोपी, हातात दुर्बीण, कमरेपर्यंत मातीच्या तटात. आणि नियम काढलास की बर्ग्यांच्या सेनापतीने पहिला फासा टाकण्याआधी साहेबाला सलाम करायचा.

"का म्हणून?" मी विचारलं. "आम्ही स्वतंत्र फौज आहोत."

"शिरस्ता आहे. त्याचे उपकार आहेत तुझ्यावर."

मी सलाम करायचो. करता करता मला तो साहेब आवडायलाही लागला. वाद झाला की तू म्हणायचास, "साहेबाला विचार, तो सगळं बघतो." आणि वाद तर एकच, जन्मभराचा. माझं म्हणणं, बर्गी मागे फिरले तर ती हार नाही, तो डाव आहे, त्याचे गुण कापायचे नाहीत. तुझं म्हणणं, "पळाला तो हरला. डाव म्हण, काहीही म्हण, पाठ दिसली ना?" याचा निकाल लागला नाही. तू कलकत्त्यात जन्मलास म्हणून तुझं मत नवाबाकडे झुकतं, असं मी म्हणायचो, आणि तू माझ्या वाटची बेगुनी, ती वांग्याची भजी, उचलून खायचास.

मग दुर्गापूजेच्या मंडळाने मांडवाच्या एका कोपऱ्यात ती लढाई मांडायला सांगितली. मी तीन दिवस तिथेच उभा. कुणी विचारो न विचारो, "घोडा मी केलाय" असं सांगत. पुढच्या आषाढात, रथाच्या जत्रेत, एका पाटीवर मातीच्या बाहुल्यांशेजारी आपले घोडेस्वार दिसले. तेच. शेकडो. पाटीवाल्याला विचारलं तर म्हणाला, हावड्याहून येतात, हरिपद म्हणून एक आहे, नळाच्या तोट्या ओततो.

माझं डोकं फिरलं. आणि यातली गंमत बघ, मला खरंच राग आला होता. वर्षभरात तो घोडा मी कोरला यावर माझा स्वतःचा पूर्ण विश्वास बसला होता. मी इंग्रजीत नोटीस लिहिली. आमच्या कचेरीत वाचून वाचून पाठ झालेले सगळे जडजड शब्द त्यात घातले. "आमचा मूळ व अपूर्व घोडा", "त्या घोड्याची मान", "त्या घोड्याचं पाऊल", एक पान भरून. मी सरकारी नोकर, मला असली नोटीस पाठवता येत नाही. म्हणून खाली तुझं नाव घातलं, तुझा पत्ता घातला, आणि तुझी सही केली. तुला नंतर सांगू म्हटलं. मी सगळंच नंतर सांगत असतो.

उत्तर तुझ्याकडे आलं. बंगालीत, पोस्टकार्डावर: घोडा पाहायला यावे, चहा तयार आहे.

"मी कुणाला नोटीस दिली?" तू विचारलंस.

मी सांगितलं. तू ओरडला नाहीस. चपला घातल्यास. "चल."

ट्रामने पूल ओलांडला. हावड्याच्या त्या गल्लीत प्रत्येक दाराआड भट्टी होती. हरिपदचं दुकान म्हणजे वाळू भरलेली जमीन, तोट्यांचे ढीग आणि एक खाट. माणूस आपल्याच वयाचा, हडकुळा, हातावर भाजल्याचे डाग. माझी नोटीस त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी ठेवली होती. गल्लीत इंग्रजी कुणाला येत नव्हतं. औषधाच्या दुकानातल्या कंपाउंडरने वाचून दाखवली होती, आणि त्याने तुरुंग आपल्या पदरचा घातला होता. हरिपदची बायको दोन दिवस जेवली नव्हती. पावसाळ्यात तोट्यांना गिऱ्हाईक नसतं, तेव्हा जत्रेच्या खेळण्यांवर त्याची भट्टी पेटती राहायची. एवढा सगळा माझा प्रताप.

त्याने आधी चहा दिला. मग तुझ्यासमोर हात जोडून बसला.

"मास्टरमोशाय, स्वार मी तुमचाच उचलला. मांडवात येऊन येऊन पाहिला, घरी जाऊन मेणात केला. चूक झाली. पण या कागदात स्वाराचं नावच नाही. सगळीकडे घोडा, घोडा. घोडा तर माझ्या बाबांच्या वेळचा आहे."

तू नोटीस मागितलीस. पहिल्यांदा वाचलीस. शेवटपर्यंत वाचलीस. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलंस, "यात माझा स्वार कुठाय?"

"राहिला," मी म्हणालो.

खरोखर राहिला होता, मधू. जे तुझं होतं आणि जे खरंच चोरीला गेलं होतं, त्याबद्दल मी चकार शब्द लिहिला नव्हता. माझ्या घोड्याच्या कौतुकात जागाच उरली नव्हती.

हरिपदने खाटेखालून डबा ओढला. त्यातून काढला विलायती घोडा. तोच. त्याच्यावरच्या साहेबाचं धड कधीच मोडून गेलेलं, फक्त पाय तेवढे रिकिबीत राहिलेले. त्याने शेजारी आपला घोडा ठेवला आणि एकाच्या खोगिरावर बोट टेकलं.

"माझ्या घोड्याला इथे मुकुट आहे. तुमच्या घोड्याला नेमका इथेच घाव आहे." मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, "हे कसं, दादा?"

जत्रेतल्या त्या शेकडो घोड्यांवर तो मुकुट होता. दोराएवढा फरक ओळखणाऱ्या माझ्या नजरेला तो दिसला नव्हता. मी दाराकडे पाहिलं. दार जवळ होतं. पळणं हा डाव असतो यावर माझी श्रद्धा त्या क्षणाइतकी कधीच नव्हती.

तू दोन्ही घोडे उजेडात नेलेस. आलटून पालटून पाहिलेस. आणि तू म्हणालास, "हरिपदबाबू, सरळ आहे. विलायती घोड्याला मुकुट असतो. मराठ्यांनी घोडा धरला की पहिला घाव मुकुटावरच घालतात."

हरिपद इतका हसला की भट्टीपाशी बसलेली त्याची बायको उठून बघायला आली. तू नोटीस फाडलीस. तिला सांगितलंस की तुरुंग कंपाउंडरचा होता, कागदात नव्हता. मग त्याचा स्वार उचलून म्हणालास, "पगडी बिघडलीय तुमची. पेच उलटा गेलाय. रविवारी या, माझा मूळ मेणाचा नेऊन साचा नीट घ्या."

मी तिथेच तुझ्यावर चिडलो. आपला हक्क असा कुणी वाटतं का, म्हणालो. बघ माझी हिंमत.

परतीच्या ट्राममध्ये, पुलावर, मी खरंच सुरुवात केली. "मधू, एक सांगायचंय."

"पळाला तो हरला, एवढंच ना? मान्य कर आणि मोकळा हो."

मी म्हणालो की मान्य नाही. आणि बागबाजारपर्यंत आपण तेच भांडलो. तू मला वाट करून देत होतास की वाट अडवत होतास, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

हरिपद रविवारी आला तो येतच राहिला. नवाब तो झाला, आणि चांगलाच नवाब झाला. साडेसहा इंचावरून माझ्याशी माझ्याहून मोठ्याने भांडायचा. पुढच्या रथाच्या जत्रेत सरळ पेचाच्या पगड्या आल्या. परतताना ट्राममध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर एक लहान मुलगी झोपली होती, आणि तिच्या मुठीत आपला बर्गी. ज्यांचं नाव घेऊन या गावात मुलांना झोपवतात, त्यांच्यातल्याच एकाला घट्ट धरून ती घोरत होती. मी धावत येऊन तुला सांगितलं. तू पळी खाली ठेवलीस, डोळे पुसलेस, म्हणालास, "धूर फार झालाय." शेगडी पेटलेलीच नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तू अंथरुणावर होतास. वहिनी खाली गेल्या होत्या. तू विचारलंस, "काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "मोरीचा नळ गळतोय तुझा. हरिपदला तोटी आणायला सांगतो."

तू हसलास, खोकलास, पुन्हा हसलास. "बरं. साहेबाला सांग मग."

काल रविवार. सवयीने जिना चढलो. टेबल जसंच्या तसं होतं. माझी फौज मागे फिरलेली, म्हणजे डाव टाकत असलेली. हरिपद नवी तोटी बसवून हात पुसत होता. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ही फौज तुम्हीच न्या. ह्यांनी सांगून ठेवलंय, घोडे तुमचे आहेत."

घोडे माझे. ते ऐकलं आणि माझ्याने राहवेना. मी तिथेच, हरिपदसमोर, सगळं सांगितलं. लिलावघर, करवत, कानस, खिळा, मेण. घोडा मी कोरलेला नव्हता, मधूला मी दहा वर्षं फसवलं, आणि आता तो ऐकायला नाही. बोलताना नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून बुरुजातल्या साहेबाकडे पाहून बोललो.

वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या, टेबलापाशी आल्या, तटाची माती दोन बोटांनी फोडली आणि साहेबाला उपटून माझ्या तळहातावर ठेवला. कमरेखाली काही नव्हतं. कापाची रेघ एका अंगाला वर चढलेली. मी डावखुरा, माझी करवत नेहमी तशीच चढते. दुर्बीण म्हणजे घासून आखूड केलेली तलवार. तपकिरी रंगाचा पोपडा नखाने उडवला, तर खाली लाल डगला.

हरिपद वाकून बघत होता. "अरे, याचे पाय माझ्याकडे आहेत," तो म्हणाला आणि पोट धरून खाली बसला.

मधू, मीही हसलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा, घळाघळा रडत हसलो. माझं हसू आवरेपर्यंत वहिनी थांबल्या, पदराला हात पुसले, आणि म्हणाल्या, "ज्याला घोड्यावरून उतरवलंत त्यालाच दहा वर्षं सलाम ठोकलेत, भाऊजी. आणि सरकार तुम्हाला नक्कल ओळखायचा पगार देतं!"